निर्वसाहतीकरणावरची नवी पुस्तकं: निवडायची कशी, वाचायची कशी

प्रश्न असा आला आहे: महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. इंग्रजी वाचता येतं, पण सिद्धान्ताची भाषा जड जाते. संस्कृती, समाज आणि निर्वसाहतीकरण (वसाहतीची सत्ता आणि तिने घडवलेले विचार मोडून काढणं) या विषयांवर दरवर्षी भरमसाठ नवे अभ्यासग्रंथ येतात आणि किमती परवडत नाहीत. त्यांतलं कामाचं कोणतं हे ओळखायचं कसं, आणि सुरुवात कुठून करायची?

पुस्तक मागून उघडा. शीर्षक, मलपृष्ठावरचा मजकूर आणि नामवंतांच्या शिफारशी यांवरून या विषयात फारसं काही कळत नाही. शीर्षकात 'डीकॉलनायझिंग' असलं की पुस्तकाकडे लक्ष जातं, हे प्रकाशकांना चांगलं ठाऊक आहे. संदर्भसूचीत लपायला जागा कमी असते. ती बहुधा दोन भागांत असते: आधी अभिलेखागारांतली अप्रकाशित साधनं, मग छापील ग्रंथ आणि लेख. पहिल्या भागात कुठली दप्तरं आहेत आणि दुसऱ्या भागात इंग्रजीखेरीज कोणत्या भाषा आहेत, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात.

समजा पुस्तक एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनवर आहे. साधनांत फक्त लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स, पार्लमेंटचे छापील अहवाल आणि जिल्हा गॅझेटिअर असतील, तर लेखक साहेबावर टीका करतो आहे ती साहेबाच्याच कागदांवरून. त्यातूनही चांगलं काम होऊ शकतं. सरकारी कागद उलट्या बाजूने वाचायची शिस्त सबाल्टर्न, म्हणजे तळच्या लोकांचा इतिहास लिहिणाऱ्या, अभ्यासकांनी १९८२ पासून घालून दिली आहे. पण मग त्या पुस्तकाने रयतेच्या मनात काय होतं याबद्दल छातीठोक बोलू नये. मुंबईच्या राज्य अभिलेखागारातली महसूल आणि न्याय खात्यांची दप्तरं असतील तर पायरी वर. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर असेल, तळटिपांत रुमालाचे, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांचे, क्रमांक दिलेले असतील, तर लेखकाला मोडी येते किंवा मोडी वाचणारा जाणकार बरोबर होता असं समजायला हरकत नाही. असा जाणकार असेल तर ऋणनिर्देशात त्याचं नाव सापडायला हवं.

मराठी वृत्तपत्रांच्या बाबतीत एक खाचखळगा नेहमी नजरेतून सुटतो. मुंबई सरकारचा ओरिएंटल ट्रान्सलेटर देशी वृत्तपत्रांतले उतारे इंग्रजीत करून दर आठवड्याला गोपनीय अहवाल तयार करत असे. पुष्कळ परदेशी अभ्यासक 'केसरी' किंवा 'दीनबंधू' उद्धृत करतात ते या अहवालांवरून. तळटिपेत 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह न्यूजपेपर्स' असं दिसलं तर समजा की मूळ अंक पाहिलेला नाही. सरकारला राजद्रोहाची चिंता होती, त्यामुळे निवड त्या अंगाने झाली. विहिरीचं पाणी, शाळेतला प्रवेश, न्हाव्यांचा संप असल्या मजकुराला त्यात जागा कमी. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेल्या 'दीनबंधू'चं महत्त्व अशा पुस्तकांत कमी वाटतं त्याचं एक कारण हेच.

सूची फुगवलेलीही असू शकते. त्यासाठी उलटतपासणी करा. सूचीतली मराठी, कोंकणी किंवा पोर्तुगीज पुस्तकं तळटिपांत किती वेळा येतात ते पाहा. एकदाही येत नसतील तर ती शोभेची आहेत. मधल्या एखाद्या प्रकरणातल्या सलग दहा टिपा घ्या. त्यांतल्या निदान चार मूळ साधनांच्या असाव्यात. दहाच्या दहा इतर इंग्रजी ग्रंथांच्या असतील तर ते संशोधन नसून संकलन आहे. संकलनही उपयोगी पडतं, पण ते ग्रंथालयातून आणून वाचावं.

दुसरी कसोटी महाराष्ट्राच्या वाचकाने तरी सोडू नये: पुस्तकात जात कुठे बसते? निर्वसाहतीकरणाच्या पुष्कळ मांडणीत जग दोनच भागांत वाटलेलं असतं, वसाहतकार आणि वसाहतग्रस्त. या वाटणीत जोतीराव फुले बसत नाहीत. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, ती गुलामगिरी नष्ट केल्याबद्दल अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, टॉमस पेनचे विचार पचवले, आणि १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना सरकारचा शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांकडे जातो म्हणून त्याच सरकारला धारेवर धरलं. 'इंग्रजी विद्येने मन गुलाम होतं' एवढंच सूत्र घेतलं तर फुले 'गुलाम मनाचे' ठरतात. ज्या सिद्धान्ताला फुले कुठे ठेवायचे ते कळत नाही, तो दुसरीकडे कितीही चालला तरी आपल्याकडे तोकडा पडतो.

याच जागी नव्या पुस्तकांची सर्वांत मोठी गफलत होते. 'जात ही इंग्रजांनी बनवली' असं विधान आता सर्रास भेटतं. त्याचं मूळ एका गंभीर ग्रंथात आहे. निकोलस डर्क्स यांनी २००१ साली 'कास्ट्स ऑफ माइंड'मध्ये मांडलं की आज जिला आपण जातिव्यवस्था म्हणतो तिचं अखिल भारतीय, एकसूत्री रूप वसाहतकाळात घडलं. जनगणना, मानववंशशास्त्र आणि कायदा यांनी ते घट्ट केलं. १९०१ च्या जनगणनेत जनगणना आयुक्त रिझले यांनी जातींना सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने लावायचा खटाटोप केला आणि त्यावरून देशभर जातिसभांचे अर्ज सुरू झाले, हे खरंच आहे. पण 'रूप घट्ट केलं' आणि 'शोध लावला' यांत फार अंतर आहे. पुढच्या लेखकांनी डर्क्स यांचं एक वाक्य उचलायचं आणि त्यांच्याकडून उचलणाऱ्यांनी ते आणखी ताणायचं, असं होत होत ते अंतर पुसलं गेलं.

याला उतारा म्हणून सुमित गुहा यांचं २०१३ चं 'बियॉन्ड कास्ट' वाचा. इंग्रजांच्या आधीच्या राज्यसत्ता जातींची हद्द, हक्क आणि मान कसे ठरवत होत्या ते त्यात कागदपत्रांनिशी येतं. पेशवाईतले ग्रामण्याचे, म्हणजे जातीच्या हक्कांवरून आणि बहिष्कारावरून होणारे, वाद मराठी वाचकाला परके नाहीत. मुंबईत १७७९ साली कंपनी सरकारने सोनारांना 'नमस्कार' म्हणून अभिवादन करायला मनाई केली, ती पेशवे सरकारच्या इच्छेवरून. एकाच हुकुमात दोन्ही सत्ता सापडतात. अशा प्रसंगाची दखल घेणारं पुस्तक घ्यावं. एकाच बाजूवर सगळं ढकलणारं, मग ती बाजू कुठलीही असो, परत ठेवावं.

झटपट चाळणी हवी असेल तर निर्देशसूचीत 'मेकॉले' शोधा, म्हणजे हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणारा ब्रिटिश अधिकारी. 'भारतभर फिरलो, एक भिकारी, एक चोर दिसला नाही' अशा अर्थाचं वाक्य २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये उच्चारल्याचं सांगून त्याच्या नावावर खपवलं जातं. त्या तारखेला मेकॉले कलकत्त्यात होता. शिक्षणावरचं त्याचं टिपण त्याच दिवसाचं आहे, आणि त्यात हे वाक्य नाही. टिपणातली खरी वाक्यं पुरेशी उद्दाम आहेत, बनावटीची गरजच नाही. हे वाक्य खरं मानून छापणारं पुस्तक कोणत्याही विद्यापीठाचं असो, पुढे वाचायचे कष्ट घेऊ नयेत.

सिद्धान्ताच्या बाबतीत लोक उलट्या टोकाने सुरू करतात आणि मग अडकतात. आनिबाल किहानो, वॉल्टर मिग्नोलो ही नावं सगळीकडे दिसतात म्हणून तिथून सुरुवात होते. त्यांची मांडणी लॅटिन अमेरिकेची आहे: १४९२ नंतरचा विध्वंस, स्थायिक झालेले युरोपीय, वंशावर उभी राहिलेली श्रमव्यवस्था. दख्खनमध्ये इंग्रज वस्ती करायला आले नाहीत. सारा गोळा करायला आले. ईव्ह टक आणि वेन यँग यांचा २०१२ चा गाजलेला निबंध म्हणतो की निर्वसाहतीकरण हे रूपक नाही, त्याचा अर्थ जमीन परत करणं. अमेरिका-कॅनडाच्या संदर्भात ते बिनतोड आहे. आपल्याकडे तोच प्रश्न विचारला तर तो वतनांपाशी, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात वंशपरंपरेने मिळालेल्या जमिनी आणि हक्कांपाशी, येऊन थांबतो. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली मांडलं. महार वतनं गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने रद्द करण्याच्या कायद्याने. आणि ती जमीन फेरदानात मिळाली तीसुद्धा कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता येणार नाही अशा शर्तीवर. जमीन कुणी कुणाला परत करायची, हा प्रश्न इथे गोऱ्या-काळ्यांत सुटत नाही. तो निबंध वर्गात शिकवायचा तर हा कायदा शेजारी ठेवून शिकवा.

गोव्याबद्दलची पुस्तकं आणखी बारकाईने तपासावी लागतात, कारण ब्रिटिश भारतावरून बनवलेले साचे तिथे तसेच्या तसे लावले जातात. १९४७ हा शेवट धरणाऱ्या पुस्तकात गोवा तळटिपेत जातो. पोर्तुगालने १९५१ साली घटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असं नाव दिलं; हेतू असा की हा आपला अंतर्गत मामला आहे म्हणता यावं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये ठराव १५१४ ने वसाहतींना स्वातंत्र्य देण्याचा जाहीरनामा केला आणि लगेच ठराव १५४२ ने पोर्तुगीज प्रदेशांची यादी करून ते स्वयंशासित नाहीत असं ठरवलं. त्या यादीत गोवा आहे. गोवामुक्तीवरच्या पुस्तकात १५४२ चा उल्लेखही नसेल तर लेखकाने आंतरराष्ट्रीय बाजू पाहिलेली नाही.

साधनं म्हणून पणजीच्या अभिलेखागारातली 'मोन्सोइश दु रेनु' ही मालिका, म्हणजे मोसमी जहाजांबरोबर लिस्बनशी होणारा पत्रव्यवहार, आणि गावकरी म्हणजे कोमुनिदाद या जमीन सामायिक सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थांचे कागद पाहिलेले असावेत. इन्क्विझिशनवरचं, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या कॅथलिक न्यायासनावरचं, पुस्तक असेल तर शार्ल देलाँवर किती भार टाकला आहे ते बघा. तो फ्रेंच वैद्य स्वतः गोव्यात कैदेत होता आणि त्याची हकीकत १६८७ साली छापली गेली. न्यायासनाचं बहुतेक दप्तर नष्ट झाल्यामुळे सगळेच त्याच्याकडे वळतात. एका कैद्याची साक्ष अनमोल असते, पण १५६० ते १८१२ एवढ्या काळाचा भार ती एकटी पेलू शकत नाही.

आता किंमत आणि उपलब्धता. परदेशी विद्यापीठ प्रकाशनांची पहिली, कापडी बांधणीची आवृत्ती ग्रंथालयांसाठी असते. ८० ते १०० पौंडांच्या घरातली ही किंमत वैयक्तिक वाचकासाठी ठरवलेलीच नसते. कागदी बांधणी बहुधा एक-दीड वर्षाने येते. भारताविषयीच्या ग्रंथांच्या बाबतीत आधी इथल्या प्रकाशकाची आवृत्ती शोधा. 'फक्त दक्षिण आशियात विक्रीसाठी' असा शिक्का असलेल्या प्रती साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतात. त्याआधी प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वाचा. कोणती प्रकरणं पूर्वी कोणत्या नियतकालिकात लेख म्हणून आली ते तिथेच लिहिलेलं असतं. अनेकदा पुस्तकाचा गाभा अशाच एका लेखात असतो, आणि जेस्टोर या लेखसंग्रहाच्या संकेतस्थळावर मोफत खातं काढून महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. ओआपेन हे संकेतस्थळ, यूसीएल प्रेसची सगळी पुस्तकं आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रकाशनाची ल्युमिनोस मालिका विनामूल्य आणि कायदेशीर आहेत. पुस्तक मुळात भारतीय विद्यापीठाचा प्रबंध असेल तर शोधगंगेवर पाहा. तिथे प्रकरणवार फाइली मिळतात. तुमचं महाविद्यालय एन-लिस्टचं, म्हणजे महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेचं, सभासद असेल तर ग्रंथपालांकडून प्रवेश मागून घ्या. पुष्कळ ठिकाणी वर्गणी भरलेली असते आणि वापरणारा कुणी नसतो.

बारा-पंधरा लेखकांचा संपादित ग्रंथ शक्यतो विकत घेऊ नये. परिषदेतले निबंध बांधून काढलेले असतात, दर्जा खालीवर होतो, आणि संपादकीय प्रस्तावनेत प्रत्येक निबंधाचा गोषवारा असल्यामुळे हवे ते दोन निवडता येतात. 'हँडबुक' नावाचे जाडजूड ग्रंथ तर केवळ संदर्भासाठी.

वाचायचा क्रम छापील क्रमापेक्षा वेगळा ठेवा. आधी प्रस्तावना; ती या विषयात ठरलेल्या साच्याची असते: एखादा प्रसंग, मग दावा, मग आधीच्या अभ्यासकांची दखल, पद्धत, आणि शेवटी प्रकरणांचा आराखडा. पेन्सिलने फक्त दाव्याचं वाक्य अधोरेखित करा. चाळीस पानं वाचूनही ते सापडत नसेल तर दोष तुमच्या इंग्रजीचा नाही. मग समारोप वाचा आणि दावा तोच राहिला आहे का ते पाहा. पुष्कळदा तो मधल्या वाटेत सौम्य झालेला असतो, आणि सौम्य झालेलाच खरा असतो. त्यानंतर मूळ साधनांच्या टिपा सर्वांत जास्त असलेलं प्रकरण घ्या. एवढ्याला दीड ते दोन तास पुरतात, आणि उरलेलं पुस्तक वाचायचं की नाही ते यावर ठरवता येतं. सिद्धान्ताचं प्रकरण, जे बहुधा पहिलं किंवा दुसरं असतं, ते सर्वांत शेवटी वाचा. उदाहरणं डोक्यात असली की जड भाषा निम्म्याने हलकी होते. टिपण एका पानाच्या पुढे जाऊ देऊ नका: दावा काय, काळ आणि प्रदेश कोणता, साधनं कोणती, वाद कुणाशी, आणि कोणता पुरावा समोर आला तर हा दावा कोसळेल. शेवटच्या प्रश्नाला उत्तर सुचत नसेल तर ते पुस्तक मताचं आहे, संशोधनाचं नाही.

सुरुवातीसाठी फ्रान्झ फॅनन हा मनोविकारतज्ज्ञ लेखक टाळता येत नाही. १९६१ चं 'द रेचेड ऑफ द अर्थ' घ्या. रिचर्ड फिलकॉक्स यांचा २००४ चा इंग्रजी अनुवाद वाचायला सोपा आहे. सार्त्रची प्रस्तावना शेवटी वाचा, कारण ती वाचून लोक फॅननला केवळ हिंसेचा पुरस्कर्ता समजतात आणि पहिल्या प्रकरणापाशी थांबतात. आपल्या कामाचं तिसरं प्रकरण आहे: स्वातंत्र्यानंतर देशी मध्यमवर्ग गोऱ्यांच्या खुर्चीत बसतो आणि तिथेच रमतो. पाचव्या प्रकरणात अल्जीरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात काम केलेला डॉक्टर फॅनन बोलतो, छळलेल्यांविषयी आणि छळणाऱ्यांविषयीही. नंतर केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांचं १९८६ चं 'डीकॉलनायझिंग द माइंड'. लहान आहे, भाषेच्या प्रश्नावर थेट आहे. मराठी शाळांच्या वादात ते फार उद्धृत होतं, पण एक फरक लक्षात ठेवा. न्गुगींच्या गिकुयू भाषेत छापील गद्याची परंपरा जेमतेम होती. मराठीत १८४१ च्या आधीपासून वृत्तपत्र होतं. तिथल्या निष्कर्षाची उसनवारी जपून करावी.

यांच्या विरुद्ध बाजूचं एक पुस्तक लगेच वाचा: ओलूफेमी ताइवो यांचं २०२२ चं 'अगेन्स्ट डीकॉलनायझेशन'. आधुनिक ते सगळं वसाहतीचं असं म्हटलं की आफ्रिकी माणसांनी स्वतः विचार करून जे स्वीकारलं त्याचं कर्तृत्व आपण हिरावून घेतो, हा त्यांचा मुद्दा. फुल्यांबद्दल वर जे म्हटलं त्याच्याशी तो थेट जुळतो. राजकीय बाजूसाठी अदोम गेटाच्यू यांचं २०१९ चं 'वर्ल्डमेकिंग आफ्टर एम्पायर'. घानाचे एन्क्रुमा, टांझानियाचे न्येरेरे, जमैकाचे मायकेल मॅनली या नेत्यांना नुसता झेंडा बदलायचा नव्हता, जगाची अर्थव्यवस्थाही बदलायची होती, ही त्यातली मांडणी पकड घेते.

महाराष्ट्रावरची दोन नवी पुस्तकं वरच्या सगळ्या कसोट्यांना उतरतात. प्राची देशपांडे यांचं २०२३ चं 'स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर' मोडी, कारकून आणि लेखनव्यवहार यांच्याविषयी आहे; लिपी बदलली की सत्तेच्या जागा कशा हलतात ते त्यात दिसतं. शैलजा पैक यांचं २०२२ चं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' तमाशातल्या दलित स्त्रियांवर आहे. अश्लील, अस्सल, माणुसकी हे मराठी शब्दच तिथे विश्लेषणाची हत्यारं होतात, आणि वसाहतकाळ संपल्यावर मराठी राज्याने तमाशा 'शुद्ध' कसा करून घेतला हेही येतं. पैशांअभावी एकच घ्यायचं तर वर्गासाठी पैक घ्या, मोडीची गोडी असेल तर देशपांडे.

शेजारी मराठीतलं मूळ ठेवा. त्याला फारसा खर्च नाही. फुल्यांचं समग्र वाङ्मय आणि आंबेडकरांचे शासनाने काढलेले खंड अजूनही स्वस्त आहेत. वसाहतीने केलेल्या आर्थिक लुटीची चर्चा दादाभाई नौरोजींपासून सुरू करणाऱ्या पुस्तकाला प्रश्न विचारता यावा म्हणून दोन नावं लिहून ठेवा: १८४१ साली 'बॉम्बे गॅझेट'मध्ये टोपणनावाने इंग्रजी पत्रं लिहिणारे भास्कर पांडुरंग तर्खडकर, आणि १८४३ साली हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीवर मराठीत पुस्तक लिहिणारे रामकृष्ण विश्वनाथ. नव्या पुस्तकाच्या निर्देशसूचीत ही दोन नावं आहेत का, ते आधी पाहा.